झेलोच्या सपाटीवर

बर्लिन, रविवार

ती. आबा आणि आईस सा. न.

शेजारच्या कझाक आजींच्या वडिलांच्या पदकाचं फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. काल त्यांच्या नातवाला घेऊन ती लढाईची जागा पाहून आलो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पदक आहे सोव्हिएत सैन्याचं ‘ऑर्डर ऑफ ग्लोरी’, तिसरा वर्ग. चांदीची चांदणी, मधोमध क्रेमलिनचा मनोरा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांची फीत. नोव्हेंबर १९४३ मध्ये हे सुरू झालं ते शिपाई आणि सार्जंट लोकांसाठी, साहेबांसाठी नाही. (आबा, हे तुम्हाला आवडणार.) तिसऱ्या वर्गाची पदकं जवळपास दहा लाख वाटली गेली. त्यावर नाव कोरलेलं नसतं, मागे नुसता नंबर. आजींनी वडिलांची पदकाची पुस्तिका जपून ठेवली, म्हणून नंबराला माणूस सापडला. शिफारशीचा कागद रशियाच्या संरक्षण खात्यानं इंटरनेटवर ठेवलाय. मूळ प्रत मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी दफ्तरात असते.

कागदात मजकूर तीनच ओळींचा. १६ एप्रिल १९४५, झेलोच्या पूर्वेला, रेल्वेमार्गाजवळ शत्रूचा मारा चालू असताना काटेरी तारा तोडून तुकडीला वाट करून दिली. नातू वाचून भारावला. मग आम्ही या पदकाची नियमावली काढली, तर कोणत्या कामगिरीला ते द्यायचं याच्या यादीत जवळजवळ हेच शब्द! पलटणीच्या कारकुनाला कुठल्या भाषेत लिहिलं की शिफारस मंजूर होते, ते पक्कं ठाऊक असणार. म्हणून कामगिरी खोटी ठरत नाही. पण त्या तीन ओळींत खास त्या माणसाचं असं काय, तर तारीख आणि जागा. म्हणून जागा बघायची ठरवली.

झेलो बर्लिनच्या पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर. स्टेशनवर उतरलं की गाव वर, पश्चिमेला. इतिहासात ‘झेलोच्या टेकड्या’ म्हणून गाजलेली ही चढण जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. अजिंक्यताऱ्याखाली वाढलेला माणूस तिला टेकाडसुद्धा म्हणायचा नाही. पण आम्ही उलट दिशेला, खाली शेतांत चालत गेलो आणि मागे वळून बघितलं, तेव्हा तिचा दरारा कळला. ओडर नदीपर्यंत सगळी तव्यासारखी सपाटी. अठराव्या शतकात दलदल उपसून काढलेली ही जमीन, जागोजागी चर आणि कालवे. आडोसा म्हणावा असा एक बांध नाही. वरच्या काठावर बसलेल्याला खालचा माणूस गुडघ्यापर्यंत दिसावा. १९४५ च्या त्या एप्रिलात शेतांत पाणी साचलेलं, रणगाडे चिखलात रुतत होते. म्हणजे हा गडी तारांपर्यंत पोचला, तोच मुळात चिखल तुडवत.

सोव्हिएत सैन्याचा हल्ला मॉस्कोच्या वेळेनं पहाटे ५ वाजता सुरू झाला, बर्लिनच्या घड्याळात तेव्हा ३ वाजले होते. त्यांचा सेनापती झुकोव्ह यानं १४३ सर्चलाइट लावले होते, जर्मनांचे डोळे दिपावेत म्हणून. पण आधीच्या तोफमाऱ्यानं इतकी धूळ आणि धूर उठला होता की उजेड त्यावरच आपटून परत आला आणि पुढे निघालेले आपलेच शिपाई चाचपडायला लागले. शिवाय हाइनरिची या जर्मन सेनापतीनं पुढच्या खंदकांतली माणसं आदल्या रात्रीच मागे घेतली होती. बरेचसे गोळे रिकाम्या मातीत पडले. त्यामुळे वरच्या तोफा बऱ्याच शाबूत राहिल्या आणि दिवस उजाडल्यावर खालच्या माणसांची काय गत झाली असेल, ते मी सांगायला नको. टेकड्या पूर्ण हातात यायला १९ तारीख उजाडली.

वर स्मारक आहे. लेव्ह केर्बेल या शिल्पकाराचा ब्राँझचा सैनिक नोव्हेंबर १९४५ मध्येच उभा राहिला. शेजारी दफनभूमी आणि संग्रहालय, बाहेर रणगाडा आणि तोफा. मला खालची शेतंच जास्त बोलकी वाटली. या भागात अजूनही सैनिकांची हाडं निघतात. इथं परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

आजींचे यजमान रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या जर्मन घराण्यातले. १९४१ मध्ये स्टालिननं त्या लोकांना कझाकस्तानात हाकललं, नव्वदच्या दशकात हे कुटुंब जर्मनीला आलं आणि पदक पुन्हा इथंच येऊन पोचलं. रात्री आजींना फोटो दाखवले. त्यांनी एकच विचारलं, “स्टेशनपासून तारा किती लांब होत्या?” नातवानं नकाशावर बोट ठेवून दाखवलं. वडील घरी युद्धाचं काहीच बोलायचे नाहीत म्हणे.

आता तुमच्याकडे काम. आपल्या पणजोबांच्या वॉर मेडलच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला आहे, त्याचा उजेडात नीट फोटो काढून पाठवा. ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते एवढंच आपल्याला माहीत, बटालियन कुठली? शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती इटलीतल्या सेनिओ नदीवरची लढाई ९ एप्रिल १९४५ ची, म्हणजे झेलोच्या आधी आठवडाभर. पेन्शनचे जुने कागद आईच्या ट्रंकेत असतील, तेही बघा. बटालियन कळली की वसंतात मी तिकडे जाईन.

आई, थंडी कमी झालीय, काळजी करू नकोस.

तुमचा,
धाकटा