अरेपा, आणि ती भाकरी नव्हे

कॅटी, टेक्सास
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू "काय विशेष?" विचारलंस आणि मी "काही नाही रे" म्हणून मोकळा झालो. विशेष होतं, पण दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं.

आमच्या घराजवळ ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला लागून एक गाळा कित्येक महिने रिकामा पडला होता. तिथे व्हेनेझुएलाच्या जेवणाचं छोटंसं हॉटेल निघालंय. सहा टेबलं. काउंटरवर सांगायचं, नंबर पुकारला की आपणच उठून ताट आणायचं. गर्दी मात्र पहिल्या दिवसापासून. कॅटीला इथे गमतीनं 'कॅटीझुएला' म्हणतात, इतकी त्यांची वस्ती आहे. मूळ कारण तेल. २००२-०३ च्या संपानंतर तिकडच्या सरकारी तेल कंपनीनं हजारो माणसं काढून टाकली. त्यातले बरेच इंजिनिअर ह्यूस्टनकडे आले. पुढे देशाचीच घडी विस्कटली आणि त्यांच्यामागून बाकीचे आले. माझ्या ऑफिसातला असाच एकजण मला शनिवारी तिथे घेऊन गेला.

अरेपा म्हणजे मक्याची भाकरी, असं मला आधी दोघांनी सांगितलं होतं. तू ऐकलं असतंस तर भांडला असतास, आणि तुझंच बरोबर ठरलं असतं. तळहाताएवढी, चांगली बोटभर जाड चकती असते. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. फुगणं नाही, पापुद्रा नाही. टिचकी मारून बघायची, पोकळ आवाज आला की झाला. बाहेर कडक कवच, आत मऊ आणि ओलसर. मग कडेनं चिरून त्याचा खिसा करतात आणि त्यात सारण भरतात. मी शहाणपणानं बोटांनी उघडायला गेलो आणि आतल्या वाफेनं अंगठा भाजून घेतला.

खरी गंमत पिठात आहे. तुझी आई ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यानं मळायची ना, नाहीतर थापताना भाकरी तुटायची? हे लोक साध्या पाण्यात मळतात! माझा विश्वास बसेना. ऑफिसातल्या त्या मित्रानं सांगितलं, मका आधी शिजवतात, मग वाळवून दळतात. म्हणजे उकड कारखान्यातच काढून झालेली. हे पीठ १९६० साली बाजारात आलं. पिवळं पाकीट, त्यावर डोक्याला लाल रुमाल बांधलेली बाई, आणि नाव काय, तर 'पान'! त्याआधी बायका लाकडी उखळात मका कांडायच्या, तो शिजवायच्या, वाटायच्या. कांडताना गाणी म्हणायच्या. मी लगेच ऐटीत जात्यावरच्या ओव्या सांगायला घेतल्या. तो म्हणाला, "म्हणून दाखव एखादी." मला एकही पुरती येईना. विषय बदलला.

खाल्लं काय, ते ऐक. 'रेइना पेपियादा', म्हणजे कोंबडी, अवाकाडो आणि मेयोनेज कालवून भरलेला अरेपा. १९५५ साली सुसाना दुइम मिस वर्ल्ड झाली, तिच्या मानार्थ हे नाव ठेवलं. रेइना म्हणजे राणी. पेपियादाचा अर्थ साधारण 'भरल्या अंगाची'. सौंदर्यस्पर्धा जिंकल्याबद्दल सँडविच मिळालेली दुसरी बाई मला ठाऊक नाही. दुसरा 'दोमिनो': काळा घेवडा आणि पांढरं चीज, सोंगट्यांसारखं काळं-पांढरं. मला तोच जास्त आवडला. गोमांसाचे प्रकार मी टाळले, तुला कारण माहीत आहे. सोबत अवाकाडो-कोथिंबिरीची हिरवी चटणी, नाव ग्वासाकाका. हे काका मात्र अगदीच मवाळ. मी तिखट मागितलं तर काउंटरवरची बाई माझ्याकडे दयेनं बघायला लागली.

भात, घेवडा आणि तळलेलं पिकलं केळं एकाच ताटात घालून खाणं मला झेपलं नाही. राजेळी केळी तुपात परतून कोणी दिली तर मी ताट चाटून पुसून ठेवीन, पण घेवड्याच्या शेजारी? नको.

शेवटी मोठ्या ग्लासात 'पापेलोन कोन लिमोन' आलं. एक घोट घेतला आणि हसूच आलं. गुळाचं पाणी रे! वर लिंबू पिळलेलं, भरपूर बर्फ. उन्हातून आलेल्या माणसाला तुमच्या ओसरीवर गूळपाणी द्यायचे, तेच. त्याला सांगितलं तर म्हणाला, "हे तर आमचं आहे." मी म्हटलं, बरं, तुमचं. आणि दुसरा ग्लास मागवला.

येताना पिठाचं पाकीट आणलं. आज सकाळी प्रयोग केला. पहिल्या दोघांच्या कडा चिरल्या. पाणी कमी पडलं होतं आणि पीठ मुरू दिलं नव्हतं. तुझी आई असती तर एक धपाटा नक्की होता. पुढचे चार जमले. पिठलं भरून खाल्ले, ऑफिसातल्या त्या मित्राला अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात येताना दोन पाकिटं आणतो. वहिनींना आधी काही बोलू नकोस, थापायला तुलाच बसवणार आहे.

तुझा,
नंदू