बांबोळीच्या इस्पितळातल्या माय, तुला

माय,

तुझं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळा वॉर्ड तुला माय म्हणायचा, मीही तेच म्हटलं. जुलैत तुझा मुलगा खिडकीजवळच्या खाटेवर होता आणि माझे यजमान त्याच्या शेजारी. ते गेले त्याला आता चार महिने होतील. आजाराचं, कागदपत्रांचं काही लिहीत नाही, तू ते सगळं पाहिलंस. मला त्या एका सकाळचं लिहायचंय.

तीन दिवस माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांनी उपास-प्रार्थना सांगितली होती. मी ती धरली, कारण दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं. पण प्रार्थनेला बसले की 'प्रभू' म्हणायचे आणि तिथेच अडायचे. पुढचा शब्द यायचा नाही. त्या पहाटे डॉक्टर म्हणाले, आता फार तर दोन दिवस. मी जिन्याखाली भिंतीला टेकून बसले. मलाही ने, एवढंच मनात होतं.

तू डबा घेऊन आलीस. जपमाळ भिजू नये म्हणून मनगटाला दोन वेढे देऊन वर सरकवलीस. उकड्या तांदळाची लालसर पेज वाटीत ओतलीस, लोणच्याची फोड नखानं तोडून बारीक केलीस, फुंकर घातलीस आणि म्हणालीस, "ऊठ गो बाय, पेज जेव." दोन घोट घेऊन मी थांबले, तर वाटी पुन्हा भरलीस आणि पुन्हा तेच म्हणालीस.

रात्री यांच्या पायथ्याशी बसल्यावर मला बायबलमधला संदेष्टा एलीया आठवला. संडे स्कूलमध्ये कर्मेल डोंगरावर पडलेला अग्नीच आम्ही घोकला. ईजबेल राणीच्या भीतीनं तो रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला, त्यावर कुणी फार थांबत नसे. तिथे देवदूत येतो, त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपतो, तर देवदूत दुसऱ्यांदा येतो: ऊठ, खा, तुला लांब जायचंय. देवाची ती मंद वाणी पुढे, होरेब डोंगरावर. आधी भाकर.

लोक आता मला चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं करतात आणि विचारतात, देव जवळ वाटला का? वाटला. गरम वाटी दोन्ही तळव्यांत होती आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझे हात कापायचे थांबले. वर गेले, यांचा हात धरला आणि 'प्रभू'च्या पुढचे शब्द आले: यांना आता दुखू देऊ नकोस. ते जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. ते बळ त्या पेजेचं होतं आणि ती पेज देवानं पाठवली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

यांना माती दिली त्याच संध्याकाळी आमच्यातले एक वडील म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडला. दुसऱ्यांनी विचारलं, उपास तिसऱ्या दिवशीच का मोडला? अहो, बायबलमधल्या त्या दुःखी ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते! आमच्या लोकांना एक रात्र धीर निघाला नाही.

आणि माळ जपणाऱ्या कॅथलिकांबद्दल आमच्यात काय काय बोललं जातं, ते तुला सांगायची लाज वाटते. मीही बोललेय. मला क्षमा कर. फुलांच्या खुरसाकडे, त्या क्रुसापाशी, तू माझ्या यजमानांसाठीही मेणबत्ती लावलीस, हे मला नंतर नर्सबाईंनी सांगितलं.

स्वतःचा पेशंट सांभाळून शेजारच्याला चहा आणणारी, कुणाचा डोळा लागला तर त्याच्या सलाइनवर लक्ष ठेवणारी माणसं त्या वॉर्डात आणखीही होती. त्यांनाही माझा नमस्कार सांग, कुणी भेटलं तर.

तुझी वाटी माझ्याकडेच राहिली, माय. रिकामी परत द्यायची नसते, म्हणून पेज करायला शिकतेय. उकड्या तांदळाला पाणी किती घालायचं ते अजून नीट जमत नाही. भेटलीस की सांग.