हाताचा आधार न घेता

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते आणि आई, तू विषय बदलला असतास. म्हणून लिहितेय. सोमवारपासून घरी फिजिओथेरपिस्ट बाई येतील, आठवड्यातून दोनदा. पैसे भरून झालेत. तुम्हाला विचारलं नाही, कबूल. हवं तेवढं रागवा, पण दार उघडा.

निघायच्या दिवशी बाबा, तुम्ही खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवलेत, अर्धवट उठलात, परत बसलात आणि मग पेपर शोधत असल्यासारखं केलंत. मी बॅग आवरत असल्यासारखं केलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

नुसत्या एचबीएवनसीच्या 8.2 साठी हे चाललेलं नाही. (तो आकडा रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तपासणीच्या आधी आठ दिवस गोड सोडून त्याला फसवता येत नाही, बाबा!) वजन उतरलं म्हणून तुम्ही खूश होतात, पण तुमच्या मांड्या बारीक झाल्यात. जेवल्यावर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. काम करणारा स्नायू तर इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढतो. कोठारच लहान होत गेलं तर आलेलं धान्य ठेवायचं कुठे? तुमचं चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका, पण नुसत्या चालण्याने गेलेले स्नायू फारसे भरून येत नाहीत.

मला खांद्यावर घेऊन चार जिने चढायचात आणि वर पोचल्यावर हमाली मागायचात. मी एक पापा द्यायचे. ते पाय आहेत हे.

घाबरू नका, वजनं उचलायला कोणी लावणार नाही. सुरुवातीला खुर्चीतून उठ-बस आठ-दहा वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणं, रबरी पट्टा ओढणं, एवढंच. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाब चढतो. डॉक्टरांशी बोलून घेतलंय. आणि आता सांगून टाकते, मागच्या महिन्यात डोळ्यांचा पडदा तपासला तो याचसाठी, जोर लावणं डोळ्यांना चालेल ना ते बघायला. चष्म्याचं निमित्त माझं होतं.

आई, तुझ्या हातच्या जेवणाने साखर वाढली असं कोणीही म्हणत नाहीये. चव बदलू नकोस, फक्त वाढण्याचा क्रम बदल. आधी भाजी, डाळ किंवा अंडं, भात शेवटी. अर्धं ताट भाजीचं. भात बंद नाही, एक वाटी आहे. दुसरी वाटी मागितली तर तुला ऐकू आलं नाही असं समज. प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट बघून लिहून दिलंय, कागद फ्रिजवर लाव.

एक मात्र अजिबात चालणार नाही. दुपारी गोड खाल्लं म्हणून रात्री उपाशी राहायचं आणि गोळी मात्र घ्यायची, हे बंद. तुमच्या त्या ग्लिमेपिराइडच्या गोळीने साखर एकदम खाली येऊ शकते. मामाची ती संध्याकाळ आठवा. घाम फुटला, हात थरथरले की मोजा. 70 च्या खाली असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि 15 मिनिटांनी परत मोजा. गोळ्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत. आई, तू लपवायचं नाहीस.

तुमचा सकाळचा पेपर झाल्यावरच बाई येतील. गॅलरीतली खुर्ची जागची हलणार नाही, तेही सांगून ठेवलंय.

आणि आई, उठ-बस तूही करायचीस. तुला साखर नाही ही सबब सांगू नकोस. बाबांना एकट्याने कसरत करायला लाज वाटेल, पण तुझ्या चुका काढायला मिळाल्या तर ते एक दिवस चुकवणार नाहीत.

तुमची,
धाकटी