रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पोटात मुरडा आणि उलट्या म्हणून पहाटे आम्ही धाकट्याला ग्रामीण रुग्णालयात आणलं, आणि तुम्ही आधी विचारलंत, "रात्री झोपला कुठे होता?" पडवीत, जमिनीवर. मग तुमचं सुरू झालं: वर बघ, जीभ बाहेर काढ, मान उचल, एका दमात आकडे म्हण. पापण्या वर जाईनात. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही, साप कुणी पाहिलेला नाही. तरी तुम्ही मण्यारच म्हणालात.

काका काठी घेऊन साप शोधायला निघाले होते. त्यांना तुम्ही दारातच अडवलंत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच, साप कशाला हवा? काचेच्या नळीतलं रक्त 20 मिनिटांत नीट गोठलं, तेव्हा रक्त गोठू न देणाऱ्या घोणस-फुरशाचा संशय मागे पडला. सलाईनमधून लसीच्या 10 बाटल्या सुरू झाल्या. रिअ‍ॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलेलं. आम्हाला वाटलं, सुटलो. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. लस रक्तात फिरणारं विष अडवते, पण नसांच्या टोकांना झालेली इजा भरायला दिवस लागतात, तोवर श्वास मशीनवर, असं सरळ सांगितलंत. आणि 108 मध्ये हाताने श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग दाबत जिल्हा रुग्णालयापर्यंत स्वतः आलात.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीचे. व्हेंटिलेटरवर तो निपचित पडलेला, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा टॉर्चला हलेनात. नातेवाईक कुजबुजायला लागले. तेव्हा तुम्ही आईला फोनवर म्हणालात, "विषाने स्नायू लुळे पडलेत, मेंदू नाही. त्याला ऐकू येत असणार. बोला त्याच्याशी." मग आई बोलत सुटली. लावणी, म्हैस, शेजारणींचं बांधावरचं भांडण. नळी निघाल्यावर, आवाज फुटल्या फुटल्या, पठ्ठ्याने विचारलं, "मग बांध कुणाचा ठरला?"

आता तो खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपतो. गावात मांत्रिकाचं नाव काढणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालायला तो एकटा पुरे आहे.

एक विनंती. मण्यारीची लक्षणं मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची आहेत. मजकूर पाठवतो, तेवढा तपासून द्या.

आपला कृतज्ञ,
धाकट्याचा थोरला भाऊ