परमिटवर सही होते, टाकीतली हवा कोण तपासतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जहाजबांधणीला बरे दिवस येणार असे दिसते. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने या उद्योगासाठी 69,725 कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही जहाजबांधणी, दुरुस्ती व पुनर्वापराचे धोरण आणले. चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि रोजगाराची. हा रोजगार म्हणजे प्रत्यक्षात वेल्डर, गॅसकटर, ग्राइंडर, पेंटर आणि त्यांचे हेल्पर. त्यातले पुष्कळसे ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. त्यांच्या जिवाची काळजी उद्योग आणि सरकारने मिळून कशी घ्यावी, याबद्दल हे पत्र.

कोचीच्या गोदीत 13 फेब्रुवारी 2018 रोजी दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’ जहाजावर स्फोट होऊन पाच जण गेले. तपासात बोट गेले ते अ‍ॅसिटिलिन या पत्रा कापायच्या गॅसच्या गळतीकडे. जून 2019 मध्ये माझगाव गोदीत बांधणी चालू असलेल्या विनाशिकेला आग लागली आणि एक कंत्राटी कामगार दगावला. विशाखापट्टणमला 1 ऑगस्ट 2020 रोजी क्रेनची भारचाचणी सुरू असताना ती कोसळली आणि 11 जणांचा बळी गेला. क्रेन पडलेली साऱ्या गावाला दिसते. जहाजाच्या टाकीतला धोका मात्र मॅनहोलशी, म्हणजे टाकीत उतरायच्या भोकाशी, उभ्या असलेल्या माणसालाही दिसत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर.

जहाजाचा दुहेरी तळ म्हणजे अंधाऱ्या खोल्यांची चाळच. आत जायला 600 बाय 400 मिलिमीटरच्या आसपासचे भोक, पुढे एका कप्प्यातून दुसऱ्यात सरपटत जायचे. पाळी सुटताना गॅसकटर टॉर्च (पत्रा कापायची ज्योतीची नळी) खाली ठेवून वर येतो, होज, म्हणजे गॅसची लवचिक नळी, आतच राहते. टॉर्चचा व्हॉल्व्ह नीट बसलेला नसतो, किंवा ठिणगीने होजला सुईएवढे भोक पडलेले असते. रात्रभर गॅस कप्प्यांत भरत राहतो. हवेत अ‍ॅसिटिलिन अडीच टक्के झाले की स्फोटाला एक ठिणगी पुरते. ऑक्सिजनची होज गळत असेल तर वासही येत नाही, पण तेलकट डांगरी क्षणात भडकते.

यावरचा उपाय साधा आहे. पाळी संपली की दोन्ही होज टाकीबाहेर काढून मॅनिफोल्डपासून, म्हणजे गॅस जिथून होजमध्ये येतो त्या जोडणीपासून, सोडवायच्या. नुसत्या टॉर्चवर बंद करून भागत नाही. अमेरिकेच्या गोदी नियमांत माणूस नसताना गॅसची होज बंदिस्त जागेत ठेवायला चक्क मनाई आहे. आपल्याकडेही चांगल्या यार्डांच्या पुस्तकात हे लिहिलेले असते. पण लांबलचक होज मॅनहोलमधून ओढून काढायची, सकाळी पुन्हा उतरवायची, यात वेळ जातो आणि ठेकेदाराचे बिल निघते ते टनावर नाहीतर वेल्डच्या मीटरवर. त्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही. गाडे अडते ते इथेच. निविदेच्या दरपत्रकात होज काढणे, वायुवीजन आणि गॅस चाचणी यांच्या स्वतंत्र ओळी आल्या, तर निम्मी भाषणे वाचतील.

दुसरी गोष्ट गॅस चाचणीची. जुन्या कारखाने अधिनियमाचे कलम 36 लेखी प्रमाणपत्राशिवाय किंवा श्वसनसाधन, पट्टा आणि दोरीशिवाय धोकादायक वायूच्या टाकीत उतरू देत नव्हते. 36-अ तिथे 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा चालू देत नव्हते. कायदा बरा होता. बिघडते ते अंमलात. सकाळी आठला घेतलेल्या आकड्यावर दुपारी तीनला माणूस उतरतो, मधल्या वेळात पंखा कुणीतरी दुसऱ्या टाकीकडे नेलेला असतो. मीटरची नळी दहा मीटर लांब असली तर खालची हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. नळी सोडल्या सोडल्या आकडा वाचणारा डेकवरचीच हवा मोजतो. चाचणीचा क्रमही ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वालाग्राही वायूचा नेहमीचा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली किंवा ज्वालाग्राही वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांवर असेल तर उतरायचे नाही. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचे, कारण वेल्डिंगचा आरगॉन वायू तळाला बसतो. बंद ठेवलेल्या बॅलास्ट टाकीत (जहाज स्थिर ठेवायच्या पाण्याच्या टाकीत) तर गॅस नसतानाही माणूस कोसळतो. पत्र्याचा गंज ऑक्सिजन खाऊन टाकतो. मग त्याला काढायला त्याचा जोडीदार तसाच उतरतो आणि एकाऐवजी दोघे जातात.

तिसरे, शेजारच्या कामाचे. एका बाजूला वेल्डिंग, भिंतीपलीकडे पेंटिंग. पत्रा तापला की पलीकडचा रंग किंवा इन्सुलेशन पेट घेते. म्हणून आगीवर लक्ष ठेवणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा आणि काम थांबल्यावरही निदान अर्धा तास तो तिथे थांबला पाहिजे. पण पेंटिंगचा ठेकेदार वेगळा, वेल्डिंगचा वेगळा, आणि कामाच्या लेखी परवानग्या, म्हणजे परमिटही, दोन वेगवेगळ्या टेबलांवर निघतात.

सिंगापूरने नेमका हाच प्रश्न हाताळला. मे 2004 मध्ये तिथे ‘अल्मुदैना’ टँकरवर लागलेल्या आगीत सात कामगार गेले. त्या वर्षीच्या इतर मोठ्या अपघातांसह ही घटना धरून 2006 मध्ये नवा कायदा आला आणि पुढे गोदीसाठी वेगळे नियम. त्यांत जहाजागणिक सुरक्षा समन्वय समिती आहे: जहाजावरची सगळी कामे एका टेबलावर मांडायची आणि एकमेकांना मारक कामे वेगळी करायची. गोदीत पाऊल ठेवण्याआधी कामगाराला ठरलेला सुरक्षा अभ्यासक्रम करावा लागतो. सर्व उद्योग मिळून तिथला अपघाती मृत्युदर 2004 मध्ये लाखामागे 4.9 होता, तो 2019 मध्ये 1.1 वर आला. शिस्तीचा देश म्हणून हे सोडून देऊ नये. त्या गोदींत भारतातले वेल्डरही काम करतात. माणसे तीच, पद्धत वेगळी.

आपल्याकडे संस्थांची वानवा नाही. कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्थांचे केंद्रीय महासंचालनालय मुंबईतच, शीवला आहे. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, गोव्यात कारखाने व बाष्पके निरीक्षणालय आहे. मोठ्या यार्डांकडे जाणकार सुरक्षा अधिकारी आहेत. पण एका यार्डात थोडक्यात टळलेला अपघात दुसऱ्याला कळत नाही. दंडाच्या भीतीने तो कागदावरच येत नाही. म्हणून टळलेल्या अपघातांची माहिती नाव गाळून गोळा करणारे आणि आठवड्याच्या आत मराठी, हिंदी, बंगाली, उडियातून मुकादमापर्यंत पोचवणारे संयुक्त मंडळ हवे. त्यात यार्डे, निरीक्षक, ठेकेदार आणि युनियन असाव्यात. त्या माहितीवरून खटला भरायचा नाही, पण मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर कायद्याची वाट मोकळीच राहील, हे आधीच लिहून ठेवावे.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. तिच्यातल्या कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी 50 किंवा जास्त माणसे ठेवणाऱ्या ठेकेदारालाच लागू होतात. वीस-पंचवीस जणांची टोळी त्यातून सुटते. यार्डाची जबाबदारी त्यामुळे टळत नाही, पण कामगाराचे प्रशिक्षण आणि तपासणीचा कागद मात्र कुणाच्याच कपाटात राहत नाही. आज माझगाव, उद्या वास्को, परवा कोची असा तो फिरतो. सर्व यार्डांत चालेल असे एकच कार्ड त्याच्याकडे हवे. त्यावर प्रशिक्षणाची मुदत आणि कोणत्या कामासाठी तो पात्र आहे, एवढेच असावे. वैद्यकीय अहवाल कामगाराच्या ताब्यात राहावा, नाहीतर कानाचा दोष दिसला की काम बंद, या धाकाने तो तपासणीच टाळेल.

तपासणीही नीट हवी. ग्राइंडिंगवरून उठवून शिबिरात बसवलेल्या माणसाची श्रवणचाचणी फसवी येते. त्याआधी 14 तास कानांना गोंगाटापासून विश्रांती लागते, म्हणून ती पाळीच्या सुरुवातीला ठेवावी. वेल्डिंगचा धूर 2017 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या निश्चित कर्ककारकांच्या यादीत आहे. कापडी रुमाल त्यावर काही कामाचा नाही. धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेणारा पंखा हवा. जुन्या जहाजांच्या इन्सुलेशनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडते. 26 जून 2025 पासून लागू झालेल्या हाँगकाँग करारानुसार जहाजावर घातक पदार्थांची यादी ठेवायची आहे. ती कॅप्टनच्या कपाटात असते. तिची प्रत पाइप कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाला मिळाली पाहिजे.

राज्य सरकारच्या हातात यासाठी एक सोपे साधन आहे. नव्या धोरणाखाली सवलत मागणाऱ्या यार्डाच्या अर्जाला तीन कागद जोडणे सक्तीचे करावे: संयुक्त मंडळाचे सदस्यत्व, ठेकेदारांसह सर्वांच्या प्रशिक्षणाची नोंद आणि गॅस चाचणी व वायुवीजनाचा खर्च वेगळा दाखवणारे निविदेचे दरपत्रक. तिसरा कागद आधी तपासावा.

आपले,
जहाजबांधणी क्षेत्रातील सुरक्षा अधिकारी व प्रशिक्षक,
मुंबई