सूचना: उत्तर आइसलँडसाठी फ्लायचा (गळावर बांधलेल्या नकली किड्यांचा) डबा भरताना
सर्व सदस्यांनो, निघण्याआधी डबे उघडून एकदा नीट पाहा.

मीवात्न तलावातून निघणाऱ्या लाक्साउ नदीत ब्राउन ट्राउट माशाचं बरंचसं खाणं म्हणजे ब्लॅकफ्लाय (चावणारी बारीक काळी माशी) आणि चिलटांच्या अळ्या नि कोष. म्हणून 14 ते 18 नंबरचे (नंबर मोठा, तर गळ लहान) काळे, तपकिरी, बारीक अंगाचे निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखे फ्लाय) आधी भरा. वारा सुटला किंवा पाणी गढुळलं तर 6-8 नंबरचा ब्लॅक घोस्ट स्ट्रीमर (छोट्या माशासारखा दिसणारा फ्लाय).

एयाफ्यार्दाराउ नदीत समुद्रातून चढणारा आर्क्टिक चार (char) हा मासा असतो. तो थव्याने तळाशी थांबतो, फ्लाय अलगद तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. त्याच्यासाठी टंगस्टन मण्याचे 12-14 नंबरचे फेझंट टेल निम्फ, शिवाय थोडे गुलाबी निम्फ हवेतच. निम्फ अधूनमधून तळाला टेकत नसेल तर रंग बदलत बसू नका, वजन वाढवा. बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो. इंडिकेटर (दोरीवरची तरंगती खूण) जरासा थबकला तरी रॉड उचला.

टिपेट (दोरीचा फ्लाय बांधायचा बारीक शेवट) निम्फला 0.18 मिमी जाडीचा, स्ट्रीमरला 0.25. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून घ्या, मासा सोडताना जबडा फाटत नाही.

इतर देशांत वापरलेले वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक पँट), बूट, रॉड, जाळी निर्जंतुक केल्याशिवाय आइसलँडमध्ये नेता येत नाहीत. त्याचा दाखला सामानात वरच ठेवा.