खालच्या मजल्यावरच्या काकांना

काका,

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी तर नळ गळतोय म्हणत उठूनच गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. मुलाला आधी वाचायला दिलं होतं. त्याने दोन वाक्यं खोडली आणि म्हणाला, बाकीचं राहू दे. त्याच्या मित्राचं नाव कुठेच घेतलेलं नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघं बाहेरगावी होतो. अकरावीतली तीन पोरं, रिकामं घर आणि कपाटात बिनकुलपाची बाटली. पुढचं मी मुलाकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय. दोघांना चढली, तिसरा जमिनीवर आडवा झाला तो हलवलं तरी उठेना. मग पोरांनी ऐकीव उपाय सुरू केले. गार पाण्याखाली धरून झालं, कडक कॉफी करून झाली. तो कपडे ओले, तोंड उघडं अशा अवस्थेत उताणा पडलेला आणि हे दोघं एकमेकांना सांगतायत, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.

तेव्हा माझा मुलगा जिना उतरून तुमच्या दारात आला. रात्रीचे साडेबारा. आम्हाला फोन केला नाही. तुमची बेल वाजवली.

हे मला फार दिवस बोचत होतं, खरं सांगते. तुमचा रागही आला होता. आईबापांच्या आधी खालचे काका? एकदा न राहवून मी त्याला विचारलं तेव्हा त्याने खिडकीची काच आठवून दिली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चेंडूने तुमची काच फुटली होती. तुम्ही बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारलात, "लागलं का कुणाला?" कोणी फोडली हे नंतर विचारलंत. आणि सोडलंही नाहीत. सगळ्यांकडून काचा गोळा करून घेतल्यात, नवी काच बसवणाऱ्या माणसासमोर उभं केलंत, खिशातल्या पैशातून भरपाई घेतलीत. "काका ओरडतात," तो म्हणाला, "पण नंतर." तेवढ्यावर तो त्या रात्री खाली आला.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, माझ्यासमोर त्याची लाज गेली तर काय बिघडतं त्याचं? तुझ्यासमोर जाते तेव्हा सगळंच जातं." त्यावर मला काही सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

वर येऊन तुम्ही काय केलंत हे मला पाठ आहे, कारण मुलगा ते क्रमाने सांगतो. मित्राला कुशीवर वळवलंत, वरचा गुडघा पुढे घेतलात, हनुवटी किंचित वर केलीत. इतकी वर्षं वॉर्डात ब्रदर म्हणून काढल्यावर ते हातांनाच ठाऊक असणार. अशा अवस्थेत घशाची राखण सुटते, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. उताणा ठेवला असता तर काय झालं असतं ते तुम्ही पोरांना तेव्हा सांगितलं नाहीत, दुसऱ्या दिवशी सांगितलंत. कॉफी लांब ठेवलीत, कोरडी चादर मागवलीत. दारूने अंग आधीच गार पडत असतं, वरून गार पाणी म्हणजे आणखी भर. आणि यकृत आपल्या गतीने, ढोबळमानाने तासाला एखादा लहान पेग एवढीच दारू निकामी करतं. त्याला कॉफीने घाई करता येत नाही. उलट शुद्ध हरपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. म्हणजे "झोपू दे, उतरेल" असं पोरं म्हणत होती त्या वेळी ती कदाचित अजून चढतच होती.

रुग्णवाहिकेला फोन करून झाल्यावर तुम्ही प्रत्येकाला काम दिलंत. एकाला फाटक उघडून जिन्यातले दिवे लावायला पाठवलंत. माझ्या मुलाच्या हातात घड्याळ आणि पेन देऊन म्हणालात, "छाती वर आली की एक. पूर्ण मिनिट मोज आणि लिही. आठच्या खाली गेला, किंवा दोन श्वासांच्या मध्ये दहा आकडे झाले, तर मला जोरात हाक मार." घाबरून थरथरणारं पोर त्या क्षणी कामाला लागलं.

मग तो प्रश्न. तुम्ही जमिनीवर मांडी घालून, आवाज न चढवता विचारलात, "दारूशिवाय काय घेतलं त्याने? मला तुमच्या घरी सांगायचं नाहीये, डॉक्टरांना सांगायचंय." दोघांनी आधी काही नाही म्हणून माना हलवल्या. तुम्ही गप्प बसलात. मुलगा म्हणतो, ते गप्प बसणं फार लांबलं. मग दुसऱ्याने सांगितलं, आजीच्या डब्यातली झोपेची गोळी. एक, कदाचित दोन. तुम्ही फक्त "बरं झालं सांगितलंस" म्हणालात आणि वेष्टन शोधायला लावलंत. दारू आणि झोपेची गोळी, दोन्ही श्वास मंद करतात आणि एकत्र आली की फार जास्त. ते वेष्टन डॉक्टरांच्या हातात पडलं म्हणून त्यांना नेमकं कशाकडे बघायचं ते कळलं. तुम्ही तेव्हा एक दरडावणी दिली असती तर ती गोळी पोरांच्या पोटातच राहिली असती, आणि मित्राच्याही.

मला फोन आला तो एक वाजून वीस मिनिटांनी. "तुझा मुलगा ठीक आहे, माझ्या शेजारी उभा आहे. त्याच्या मित्राला दवाखान्यात आणलंय, श्वास नीट चालू आहे, त्याच्या घरचे पोचलेत. आता बाकीचं सांगतो, बसून ऐक." वाईट बातमी याच क्रमाने सांगावी हे मी त्या फोनवरून शिकले.

पहाटे आम्ही पोचलो तेव्हा नवऱ्याचा हात उठलाच होता. तुम्ही जिन्यात आडवे उभे राहिलात. "प्यायलेल्याशी आणि भडकलेल्याशी बोलू नये, आणि तुमच्या घरात आत्ता दोन्ही आहेत. पाणी द्या, झोपवा, जवळ बसा. बोलणं उद्या." मला तेव्हा ते फार मऊ वाटलं. पोराने एवढं करावं आणि आपण उशाशी पाणी घेऊन बसावं?

मऊपणाबद्दलचा माझा गैरसमज दुसऱ्याच दिवशी फिटला. मुलाने स्वतः मित्राच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांसमोर उभं राहून सांगायचं, हा तुमचाच आग्रह. फोन नाही, चिठ्ठी नाही, सोबत आई नाही. मी म्हटलं, ते लोक त्याला फाडून खातील. तुम्ही म्हणालात, "खाऊ देत थोडं." त्यांनी त्याला आत घेतलं नाही. दारातच उभा राहून बोलून परत आला आणि संध्याकाळपर्यंत खोलीबाहेर आला नाही. त्या घराशी आमचं बोलणं अजून पूर्ववत नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझंही झालं नसतं.

पुढचे काही आठवडे तुम्ही आमच्या घरातला दुसरा रोगी सांभाळलात, म्हणजे माझा नवरा. त्याला रोज नवा उपाय सुचायचा. पोराला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन तिथली माणसं दाखवू, म्हणजे घाबरेल. तुम्ही म्हणालात, "ती माणसं प्रदर्शनाला ठेवलेली नाहीत." मी नंतर शोधून वाचलं तर अमेरिकेत सत्तरच्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम द्यायचे प्रयोग झाले होते. पुढे नीट तुलना केली तेव्हा दम दिलेल्या मुलांच्या हातून गुन्हे कमी नाही, जास्तच झालेले दिसले. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी वर्गात जाऊन नशेविरुद्ध धडे द्यायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तो देशभर पसरला, आणि अभ्यासांत त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ सापडला नाही. भीती मोठ्यांना दिलासा देते, एवढं मात्र खरं; काहीतरी केल्यासारखं वाटतं. लघवी तपासायचा संचही मागवून झाला. तो अजून खोक्यातच आहे.

पण खरा वाद झाला तो "घरी, आपल्यासमोर थोडी देऊ, म्हणजे कुतूहल संपेल" यावर. हे आमच्या ओळखीतली निम्मी सुशिक्षित घरं मानतात, मीही अर्धवट मानत होते. तुम्ही म्हणालात, "कुतूहल संपत नाही, परवानगी मिळते." ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईबापांनी दारू दिलेल्या मुलांना पुढे फायदा झाल्याचं त्यात काही दिसलं नाही. एका बैठकीत भरमसाट पिणं आणि त्यातून होणारा त्रास मात्र त्यांच्यात जास्त आढळला. पंधरा वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये पुढे दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण एकविसाव्या वर्षी सुरू केलेल्यांच्या सुमारे चौपट, असंही अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. आता लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरी आधीच काही बिनसलेलं असू शकतं, सगळा दोष त्या पहिल्या घोटाचा नसेल. तरी मेंदूचा सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यात आपण हातभार का लावावा?

शेवटी तुम्ही नवऱ्याला एकच विचारलंत. "शुक्रवारी तुझ्या ग्लासात बर्फ कोण टाकतं?"

मुलगाच टाकायचा. सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून. आम्हाला ते गोड वाटायचं.

मुलाशी बोलायचं कसं, हेही तुम्हीच सांगितलंत. "का घेतलीस?" विचारू नका, त्याचं उत्तर "सॉरी" असतं. घेतल्यावर काय बरं वाटतं ते विचारा. मी विचारलं. खूप वेळाने म्हणाला, "डोकं गप्प होतं." तेव्हा कळलं की कित्येक महिने त्याला रात्री झोप नव्हती, परीक्षेचा विचार आला की छातीत धडधडायचं. दोनदा गांजाही ओढून झाला होता. हे ऐकताना मी टेबलाखाली माझाच तळहात नखांनी दाबून धरला होता, कारण तुम्ही बजावलं होतं, चेहरा बदललास की दार बंद. वाईट संगत वगैरे काही नव्हतं. बाकीच्यांना घरी बोलावणारा तोच होता! मग समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं, ते चालू आहे. झोप सुधारलीय. सगळं मार्गी लागलंय असं मी म्हणणार नाही.

घरात नियमही आहेत आणि ते तोंडी नाहीत, लिहिलेले आहेत. सज्ञान होईपर्यंत दारू नाही, नशा कधीच नाही. कुठेही अडकलास, स्वतः घेतलेली असो की दुसऱ्याने, फोन कर, न्यायला येऊ, त्या रात्री एकही प्रश्न नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, आणि ते असणारच. औषधांचा डबा कुलपात. शेवटची ओळ नवऱ्याने स्वतःच्या हाताने घातली, घरात बाटली ठेवणार नाही. कुरकुरत घातली, पण घातली.

फेब्रुवारीत रात्री अकराला फोन वाजला. "आई, मी थोडी घेतलीय. गाडीवर बसायचं नाहीये. येशील?" मी गेले. परतीच्या वाटेवर गप्प राहायला मला काय पडलं ते माझं मला माहीत. घरी आल्यावर तो बूट काढत म्हणाला, "उद्या बोलू ना?" म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी बोललो, आणि महिनाभर रात्रीचं बाहेर जाणं बंद झालं. त्याने वाद घातला नाही. तुम्हाला हे आधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आणखी एक. आवराआवरीत तुमच्या चादरीच्या घडीत एक कागद सापडला. पुढच्या बाजूला भौतिकशास्त्राची गणितं, मागे त्याचं वेडंवाकडं अक्षर.

१२.४० – ९
१२.४५ – ८
१२.५० – ९
१२.५५ – ९ गाडी आली

आठच्या आकड्याखाली पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. चादर धुऊन ठेवलीय, रविवारी तो घेऊन येईल. कागद मात्र परत मागू नका, तो मी ठेवून घेतलाय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची